सुई, रक्त आणि भोवळ: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

उद्दिष्ट आधी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे पुढे पळवाट काढायला जागा उरणार नाही. पहिलं: डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी खुर्चीत बसून, सुई टोचताना नजर न वळवता करून घेणं. दुसरं: रक्तदान. मुदत जूनअखेर.

पार्श्वभूमी थोडक्यात. रक्त किंवा सुई समोर आली की मला लहानपणापासून भोवळ येते. आधी छाती धडधडते, मग तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, कानात शिट्टी वाजते, डोळ्यांसमोर अंधारी येते आणि मी खाली कोसळते. या भीतीपायी काय काय टाळलं त्याची आज यादी केली. थायरॉइडची तपासणी पुढे ढकलली. जवळच्या माणसाच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर थांबले. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलं. यादी लिहिताना लक्षात आलं की यातली एकही गोष्ट मला नकोशी नव्हती. त्या सगळ्या मला करायच्या होत्या.

कामाला हात घालण्याआधी डॉक्टरांना भेटून आले. शुद्ध हरपण्यामागे हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड किंवा दुसरं काही नाही ना, हे तपासून घेतलं. ईसीजी आणि रक्तदाब दोन्ही व्यवस्थित. ज्यांना भोवळ येते त्यांनी ही पायरी गाळू नये.

६ जानेवारी

आज शिडी तयार केली, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंत भीतीच्या पायऱ्यांची यादी. ही पद्धत जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञाची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. विजेच्या धक्क्यांमुळे ज्या खोलीला मांजरं घाबरायची, त्या खोलीशी अगदी थोडं साम्य असलेल्या जागेत त्यांना आधी खायला द्यायचं. तिथे ती निवांत खाऊ लागली की थोडं जास्त साम्य असलेली जागा. असं करत शेवटी मूळ खोली. माणसांसाठी त्यांनी हेच पायऱ्यांमध्ये बसवलं आणि १९५८ मध्ये पुस्तकरूपात मांडलं. भीती मोजायला शून्य ते शंभर ही मोजपट्टीही त्यांचीच: शून्य म्हणजे पूर्ण शांत, शंभर म्हणजे कल्पना करवेल तितकी टोकाची घबराट.

माझी शिडी, आजच्या आकड्यांसह: रक्ततपासणीबद्दल बोलणं १५. बंद वेष्टनातली सिरिंज हातात धरणं ३०. सुईचं छायाचित्र पाहणं ३५. रक्त काढतानाचं छायाचित्र ५०. त्याचाच व्हिडिओ ६५. प्रयोगशाळेच्या प्रतीक्षा कक्षात बसणं ६०. दुसऱ्याचं रक्त काढताना शेजारी उभं राहणं ८०. स्वतःचं रक्त आडवं पडून देणं ८५, बसून आणि बघत ९५. रक्तदान १००.

प्रतीक्षा कक्ष हा व्हिडिओपेक्षा सोपा वाटतोय याचं नवल वाटलं. तिथे कुणाला टोचताना दिसत नाही, म्हणून असेल. आकडे उतरवून काढल्याचा पहिला फायदा हा, की ‘मला रक्ताची भीती वाटते’ या एका भल्यामोठ्या वाक्याचे तुकडे झाले आणि त्यातले काही तुकडे मला आजही पेलण्यासारखे निघाले.

१२ जानेवारी

आजची नोंद लांब होणार, कारण सगळ्या प्रकल्पाची किल्ली इथे आहे.

भीतीवरचा सल्ला जिथे तिथे एकच मिळतो: अंग सैल सोडा, खोल श्वास घ्या. उंची, बंद जागा, कुत्रा, व्यासपीठ अशा बहुतेक भीतींत तो सल्ला निदान घातक तरी नाही. त्या भीतींत हृदय जोरात चालतं, रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. अशा अवस्थेत माणूस बेशुद्ध पडत नाही, कितीही वाटलं तरी. रक्ताच्या भीतीत मात्र शरीर दोन टप्प्यांत वागतं. आधी ठोके आणि रक्तदाब वाढतात, आणि मग दोन्ही एकदम कोसळतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध हरपते. घराण्यात असं कुणाला होत असेल तर आपल्याला होण्याची शक्यता बरीच वाढते. माझ्या आजोबांना व्हायचं, मामांना होतं. म्हणजे अशा वेळी अंग सैल सोडणं हे रक्तदाब आणखी उतरायला मदत करण्यासारखं आहे. मला इतकी वर्षं प्रत्येक नर्सने प्रेमाने हेच सांगितलं होतं.

यावर उपाय शोधला तो लार्स-गोरान ओस्त या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने, १९८० च्या दशकात. स्नायू ताणण्याचं तंत्र. कृती अशी: खुर्चीत बसायचं. हात, पाय आणि पोट यांचे स्नायू एकाच वेळी घट्ट आवळायचे. दहा ते पंधरा सेकंद आवळून धरायचं, चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत. मग सोडायचं, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही, नेहमीच्या बसण्याइतकंच. वीस-तीस सेकंद थांबायचं. पुन्हा आवळायचं. असं पाच वेळा. श्वास रोखायचा नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवायला लागतं, कारण स्नायू आवळले की श्वास आपोआप अडकतो.

त्याइतकंच महत्त्वाचं दुसरं अंग म्हणजे स्वतःची पहिली खूण ओळखणं. माझी खूण जांभई आहे. आज शांत बसून जुने प्रसंग आठवले तेव्हा ध्यानात आलं, की कोसळण्याआधी मला दरवेळी एक मोठी, अवेळी जांभई आलेली आहे. कानातली शिट्टी त्याच्या बरीच नंतरची. शिट्टी वाजल्यावर आवळायला घेतलं तर उशीर होतो, जांभईला घेतलं तर वेळ हातात असतो.

१९ जानेवारी

सराव चालू. सकाळ-संध्याकाळ, भीतीची कुठलीही गोष्ट समोर नसताना. उजवा हात सोडून आवळायलाही शिकतेय, कारण रक्त त्याच हातातून काढणार आणि तो सैल हवा. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

२७ जानेवारी

सिरिंज हाताळली, छायाचित्रं पाहिली. नोंदवहीत आजपासून दोन रकाने वाढवले: ‘आधीचं भाकीत’ आणि ‘प्रत्यक्षात’.

ही कल्पना अलीकडच्या संशोधनातली. पूर्वीची समजूत अशी, की भीतीदायक गोष्टीसमोर पुरेसा वेळ थांबलं की भीती ओसरते आणि ती ओसरणं हेच यश. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळी बाजू मांडली. भीतीची जुनी शिकवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी शिकवण तयार होते आणि पुढच्या वेळी दोघींत कोण आधी आठवतं यावर सगळं ठरतं. नवी शिकवण बळकट व्हायची तर मनाने केलेलं भाकीत समोरासमोर खोटं ठरायला हवं. म्हणून ते आधी नेमक्या शब्दांत लिहायचं. ‘भयंकर वाटेल’ हे भाकीत नव्हे, ते खोटं ठरूच शकत नाही. ‘चित्राकडे एक मिनिट बघितलं तर मी खुर्चीवरून पडेन’ हे भाकीत.

भाकीत: पडेन. खात्री सत्तर टक्के. प्रत्यक्षात: पडले नाही. भीती ५५ पर्यंत गेली, जांभई आली, स्नायू आवळले, जांभई थांबली.

त्या जांभईनंतर मी पहिल्यांदाच शुद्धीवर राहिले. हे वाक्य लिहिताना हात थरथरतोय, पण आनंदाने.

९ फेब्रुवारी

व्हिडिओची पायरी. एकच व्हिडिओ घोटत बसायचं नाही असं ठरवलं आहे. वेगवेगळी माणसं, वेगवेगळे हात, कधी जवळून, कधी लांबून. त्याने आकडा खाली यायला वेळ लागतो, आज तर ६० वरून ७० वर चढला. पण एकाच चित्राची सवय होण्यात मला रस नाही. खऱ्या खोलीत ते चित्र नसणार.

वाचताना गटेची गोष्ट सापडली आणि फार धीर आला. जर्मन कवी गटे १७७० मध्ये कायदा शिकायला स्ट्रासबुर्गला आला तेव्हा त्याला उंचीवर भोवळ यायची, मोठे आवाज सोसवायचे नाहीत आणि आजार, जखमा बघवायच्या नाहीत. तिथल्या कॅथेड्रलचा मनोरा १४२ मीटरचा, त्या काळी जगातली सर्वांत उंच वास्तू. गटे एकटाच त्यावर चढायचा, अगदी वर, कळसाखालच्या जागेत पाव तास बसून राहायचा आणि मग जेमतेम पाऊल ठरेल एवढ्या उघड्या फळीवर बाहेर यायचा, धरायला फारसं काही नसताना. त्या दृश्याचं काही वाटेनासं होईपर्यंत तो हे पुन्हा पुन्हा करत राहिला. आवाजासाठी तो संध्याकाळी लष्करी ढोलांच्या ताफ्याशेजारून चालायचा. जखमांच्या किळसेसाठी शरीरशास्त्राच्या वर्गात जाऊन बसायचा. पुढे डोंगरांतल्या प्रवासात आणि मोठमोठ्या इमारती पाहताना या सरावाचा फार उपयोग झाला, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. ‘थेरपी’ हा शब्द या अर्थाने रुळण्याच्या कितीतरी आधी विशीतल्या एका मुलाने आपल्यापुरती ती पद्धत शोधून काढली होती. मला त्यातलं ते पाव तास बसणं सर्वांत आवडलं. तो धावत जाऊन बाहेर पडला नाही आणि मागेही फिरला नाही.

२२ फेब्रुवारी

व्हिडिओ ३०. सिरिंज ५. पुढे सरकते.

२ मार्च

प्रयोगशाळेत गेले, तपासणीसाठी नव्हे, नुसती बसायला. काउंटरवरच्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “बसा ना ताई, हवं तेवढा वेळ बसा.” असं सांगून टाकणं ही खरं तर शिडीत न लिहिलेली पायरी होती. भीती लपवायला जेवढी शक्ती लागते ती आज मोकळी झाली.

भाकीत: स्पिरिटचा वास आला की उठून जाईन. प्रत्यक्षात: वास आला, पोटात ढवळलं, ६५. बसून राहिले. निघताना ३५.

एक अवघड गोष्टही दिसली. मी सोबत मैत्रिणीला नेलं होतं, कानात गाणी लावली होती आणि पाण्याची बाटली छातीशी धरली होती. याला सुरक्षेचे आधार म्हणतात. सुरुवातीला ते चालतात, त्यांच्यामुळे माणूस दारापर्यंत तरी पोहोचतो. पण ते कायम राहिले तर मन श्रेय त्यांनाच देतं: मैत्रीण होती म्हणून निभावलं. नवी शिकवण माझ्या नावावर जमाच होत नाही. पुढच्या वेळी गाणी बंद. त्यापुढच्या वेळी मैत्रीण बाहेर थांबेल. स्नायू आवळण्याचं तंत्र मात्र मी या यादीत धरत नाही. ते रक्तदाबासाठी आहे आणि तो खरोखर उतरतो.

१५ मार्च

मैत्रिणीची तपासणी होती. तिच्या परवानगीने शेजारी उभी राहिले. ८० चं भाकीत, प्रत्यक्षात ७०. दोन्ही पाय आवळून उभी होते. रक्त नळीत येताना पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा गडद, जवळजवळ काळपट लाल. शिरेतलं रक्त असंच असतं, प्राणवायू देऊन परत निघालेलं. माहिती म्हणून हे ठाऊक होतं, डोळ्यांनी आज पाहिलं.

३० मार्च

तापाने अंथरूण धरलं आहे. सराव बंद.

२० एप्रिल

ताप उतरला, पण अशक्तपणा फार होता म्हणून सगळंच थांबलं होतं. आज व्हिडिओ लावला आणि आकडा थेट ६५. फेब्रुवारीत तो ३० वर होता.

थोडा वेळ खूप वाईट वाटलं. मग पीटरची फाइल उघडली. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा अभ्यास. पीटर जेमतेम तीन वर्षांचा मुलगा, सशाला घाबरणारा. सशाशी जवळीक वाढवण्याच्या १७ पायऱ्या त्यांनी नोंदवल्या. ससा पिंजऱ्यात आणि खोलीत कुठेही असला तरी भीती, इथपासून ते ससा बोटं चाटतोय आणि पीटर चाटू देतोय, इथपर्यंत. पीटरची प्रगती छान चालली असताना त्याला स्कार्लेट फीवर (पुरळ उठणारा संसर्गजन्य ताप) झाला आणि तो सुमारे दोन महिने रुग्णालयात राहिला. तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि नर्सच्या अंगावर धावून आला. पीटर परतला तेव्हा भीती पुन्हा पहिल्या पातळीवर होती. जोन्स यांनी पुन्हा सुरुवात केली. पीटर उंच खुर्चीत बसून आवडीचं खात असताना पिंजरा थोडा थोडा जवळ आणायचा, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतपतच. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला.

खंड पडल्यावर भीती परत येते हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. विझलेली प्रतिक्रिया मधल्या विश्रांतीनंतर आपोआप डोकं वर काढते. याचा अर्थ आधीचं काम वाया गेलं असा नाही. जुनी शिकवण पुसलेली नसते, एवढाच अर्थ. दुसऱ्या खेपेला ती लवकर मागे हटते. तेव्हा शिडीवरून दोन पायऱ्या उतरून पुन्हा सुरुवात.

२६ एप्रिल

व्हिडिओ पुन्हा ३० वर. आठवडाही लागला नाही.

४ मे

स्वतःची रक्ततपासणी, आडवं पडून.

निघण्याआधी पोटभर पाणी प्यायले. तंत्रज्ञाला आधीच सांगितलं: मला भोवळ येते, मी पाय आवळणार आहे, घाबरू नका, आणि सुई कधी टोचताय ते मला सांगा. तो तरुण मुलगा होता. त्याने दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत बोटाने शीर चाचपली, ती सापडल्यावर बोट तिथेच दोनदा दाबून खात्री केली. स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिट वाळू द्यायला तो क्षणभर थांबला, ओलं असताना टोचलं तर जास्त झोंबतं म्हणाला. या गोष्टी मी आयुष्यात कधी पाहिल्याच नव्हत्या. दरवेळी मान भिंतीकडे वळवलेली असायची, आणि भिंतीकडे बघणाऱ्याला सुई केवढी, किती वेळ, कुठे, हे सगळं कल्पनेनेच भरून काढावं लागतं. माझी कल्पना खऱ्या सुईपेक्षा कितीतरी जाड आणि लांब होती.

जांभई पट्टा बांधतानाच आली. पाय आणि पोट आवळलं. टोचण जाणवली. जांभळ्या झाकणाची नळी भरली, मग दुसरी. पट्टा सुटला, कापसाचा बोळा आला.

भाकीत: शुद्ध हरपेल, खात्री साठ टक्के. प्रत्यक्षात: पूर्ण शुद्धीवर. सर्वांत वरचा आकडा ७५, तोही सुई टोचण्याच्या आधीचा. सुई आत असताना ५०.

हे मला महत्त्वाचं वाटतं. माझी भीती वाट पाहण्याच्या काळात सर्वांत मोठी असते. पळून जायचा मोह तिथेच होतो आणि पळालं की लगेच जी सुटका वाटते, तीच पुढच्या पळण्याचं बक्षीस ठरते. मानसशास्त्रज्ञ होबार्ट मावरर यांनी १९४७ मध्ये भीती टिकून राहण्याचं हेच स्पष्टीकरण दिलं होतं. थायरॉइडची तपासणी मी एवढी वर्षं का टाळली याचं उत्तर इतकं साधं आहे आणि त्यात माझ्या भित्रेपणाचा काही संबंध नाही, हे समजून मन हलकं झालं.

अहवाल आला. थायरॉइड ठीक आहे.

२५ मे

दुसरी जागा, दुसरी तंत्रज्ञ, डावा हात, बसून, मैत्रीण सोबत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली एक तपासणी राहिली होती ती. जागा मुद्दाम बदलली: नवी शिकवण जिथे मिळाली त्या जागेला चिकटून राहते आणि जुनी भीती सगळीकडे सोबत येते. म्हणून नवीनही बऱ्याच ठिकाणी शिकावं लागतं.

आधी ६०, सुई आत असताना ४०. पूर्ण वेळ बघितलं.

१४ जून

रक्तदान झालं.

आजची तारीख मुद्दाम निवडली होती. कार्ल लँडस्टाइनर यांचा जन्म १४ जून १८६८ चा. त्यांनी १९०१ मध्ये रक्तगट वेगळे करून दाखवले आणि एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देणं भरवशाचं होऊ शकलं. म्हणून हा दिवस जागतिक रक्तदाता दिन. आपण कुणासाठी करतोय हे डोळ्यांसमोर असलं की मला धीर येतो, निदान आज आला.

फॉर्म भरला, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब पाहिला. डॉक्टरांना भोवळीचा इतिहास सांगितला. दात्यांनी आधी पाणी पिणं आणि दान चालू असताना स्नायू आवळणं याने भोवळ कमी येते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच पाय एकावर एक ठेवून आवळायला सांगितले. सुई तपासणीच्या सुईपेक्षा चांगलीच जाड होती. टोचताना ८०, खोटं कशाला लिहू. नळी उबदार होती, हाताला टेकली तेव्हा कळलं. ती ऊब माझ्याच रक्ताची आहे हे लक्षात आलं तेव्हा जांभई आली. आवळलं, सोडलं, आवळलं. शेजारचं यंत्र पिशवी झुलवत होतं आणि मी तिच्याकडे बघत होते. दहा मिनिटांच्या आत झालं. शेवटचा आकडा ३०.

नंतर सांगितलं तेवढा वेळ पडून राहिले, सावकाश उठले. उठताना घेरी येऊ शकते, म्हणून तेव्हाही आवळलं.

२१ जून

पुढचं नियोजन. पुन्हा रक्तदान करायला काही महिन्यांचं अंतर सोडावं लागतं आणि एवढ्या खंडात भीती परतू शकते, हे एप्रिलने दाखवलं आहे. तेव्हा मधल्या काळात दर महिन्याला एक तरी पायरी: व्हिडिओ, कुणाला तपासणीला सोबत, धनुर्वाताच्या लशीचा राहिलेला डोस. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला पुन्हा नाव नोंदवलं. त्यात जखम बांधण्याचा भाग दुसऱ्या सत्रात येतो. आजचा आकडा ५५. भाकीत: बनावट रक्त पाहून वर्गाबाहेर जावं लागेल, खात्री तीस टक्के.